जंगलात घर बांधायचंय? आधी भर पावसात तिथे जाऊन उभे राहा

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की लांब जंगलात स्वतःचं घर स्वतः बांधायचा विचार असेल तर प्रश्न पाठवा, आणि प्रश्न आले ते ढिगाने. बहुतेकांना खिडकीतून काय दिसेल याची फार काळजी आहे, पण पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार हे विचारणारे अगदी मोजके निघाले. म्हणून आधीच सांगून ठेवते, खालच्या उत्तरांत पाणी पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळलात तरी येणार आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत, एकदोन पत्रं इतकी लांब होती की कापावी लागली, राग नसावा.

प्रश्न : ताई, रिटायर झाल्यावर आम्ही दोघं जंगलात राहायला जायचं म्हणतोय. ओढ्याच्या अगदी काठाला मस्त सपाट तुकडा मिळतोय, जो बघतो तो म्हणतो सोडू नका. घ्यावा का?

उत्तर : डोंगराळ जंगलात ओढ्याकाठी सपाट जागा दिसली की पहिला प्रश्न हा विचारायचा की ही सपाट कुणी केली? उत्तर बहुतेक वेळा ओढ्यानेच असतं. पुरात गाळ आणून पसरला म्हणून ती सपाट झाली, आणि पुन्हा कधीतरी तो परत येणारच, फक्त तारीख माहीत नाही. तिथे जाऊन वर बघा, झाडांच्या फांद्यांत काटक्या, गवत, कचरा अडकलेला दिसतोय का आणि किती उंचीवर. खोडांवर गाळाची रेघ आहे का. थोडं खणून बघा, खाली गोल गुळगुळीत गोटे लागले तर पाणी तिथून गेलेलं आहे हे नक्की.

मग काय उतारावर जायचं? हो, पण तिथेही डोळे उघडे ठेवून. ज्या उतारावर झाडांची खोडं बुंध्याशी वाकलेली आणि मग सरळ वर गेलेली दिसतात तिथे माती हळूहळू खाली सरकत असू शकते. एखादंच झाड वाकडं असेल तर सोडून द्या, सगळीच एका दिशेने वाकली असतील तर तो प्लॉटच सोडून द्या. आणि अगदी माथ्यावर, खाली तीव्र उतार असलेल्या कड्याच्या टोकाशीही नको, तिथून नजारा झकास असतो पण वणवा चढावर जोरात धावतो, ढोबळ हिशोब असा सांगतात की उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. म्हणजे राहिलं काय, तर मधला हलका उतार, पुराच्या रेघेच्या बराच वर आणि माथ्याच्या बराच खाली, आणि घराच्याही वर कुठेतरी झरा असेल तर सोन्याहून पिवळं, कारण १० मीटर उंचीवरून आलेल्या पाण्याला साधारण १ बार प्रेशर मिळतं, पंपच लागत नाही.

आणि व्यवहार करायच्या आधी एकदा भर पावसात तिथे जाऊन उभे राहा. कोरड्या दिवसांत सगळ्याच जागा चांगल्या दिसतात हो. पावसात कळतं की रस्ता राहतो का, पाणी कुठून वाहतं, कुठे तुंबतं, गाडी कुठे रुतते. एजंट म्हणेल कशाला त्रास घेता, तर मग नक्कीच जा.

प्रश्न : जंगलात एवढी जागा मोकळी पडलेली असते, कुणाचीच नसते. तिथे छोटंसं बांधलं तर कोण बघायला येतंय?

उत्तर : कुणाचीच नसलेली जागा जवळजवळ कुठेच नसते. ती सरकारची असते, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांची असते, नाहीतर कुणाच्या तरी नावावर असते, आणि आजकाल बघायला कुणी यावंही लागत नाही, सॅटेलाइटच्या फोटोत नवा पत्रा चकाकतो. जागा रीतसर घ्या. घेताना नुसती मालकी बघू नका, तिथपर्यंत जायचा वहिवाटीचा हक्क कागदावर आहे का ते बघा, बांधकामाची आणि झाडं तोडायची परवानगी मिळते का तेही बघा. शेजारी तोंडी म्हणतो जा की आमच्या जागेतून, आणि तो शेजारी जागा विकून गेला की तुमचं घर बेट होतं.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. मला एकट्याने, फक्त हाताच्या अवजारांनी लाकडी घर बांधून जंगलात राहायचंय. घरचे हसतात. शक्य आहे का हे?

उत्तर : शक्य आहे बाबा, लोकांनी केलंय. यातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अलास्कातल्या ट्विन लेक्सच्या काठी डिक प्रोनेकी नावाच्या माणसाने १९६८ साली बांधलेलं ओंडक्यांचं घर. एकट्याने, हाताच्या अवजारांनी. पुढे तो साधारण ३० वर्षं तिथे राहिला आणि ते घर आजही उभं आहे, आता तो भाग नॅशनल पार्कमध्ये येतो. पण ही गोष्ट सांगताना लोक जे गाळतात ते मी तुला सांगते. तो तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता, आधी नेव्हीत सुतारकाम केलेलं, नंतर डिझेल मेकॅनिक म्हणून काम केलेलं, म्हणजे हात तयार होते. ओंडके त्याने आदल्या वर्षीच तोडून, सोलून ठेवले होते. घर छोटं, एकाच खोलीचं. छपरावर शेवाळाचा थर होता खरा पण त्या शेवाळाखाली डांबरी कागद आणि प्लास्टिक होतं. आणि सामान, पत्रं घेऊन अधूनमधून विमान उतरायचं तळ्यावर. म्हणजे एकटा होता पण तुटलेला नव्हता.

तुझ्या जागी मी असते तर आधी एखाद्या सुताराच्या हाताखाली वर्षभर काम केलं असतं, पटाशीला धार लावता येणं, ओळंबा (उभी रेषा सरळ आहे का बघायला) आणि पाणसळ (आडवी पातळी बघायला) न कंटाळता दर वेळी लावणं, एवढं जरी अंगात मुरलं तरी अर्धी लढाई झाली. मग गावाजवळ कुठेतरी अवजारं ठेवायची एक शेड बांध. तिचं छप्पर दोन पावसाळे गळलं नाही तर जंगलात जा. घरच्यांना हसू दे.

एक गोष्ट मात्र हट्टाने सांगते, चेनसॉ चालवताना आणि झाड पाडताना एकटं राहायचं नाही. चेनसॉच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की मशीन उसळून सरळ तोंडाकडे येतं, सावरायला वेळच मिळत नाही. हेल्मेट, पायाला चेनसॉची खास पँट, आणि रक्त थांबवायचा पट्टा जवळ हवा आणि तो बांधता यायला हवा. मोबाइलला रेंज नसेल तर सॅटेलाइटवर मेसेज जाणारं छोटं यंत्र मिळतं, ते घे, त्यात कंजुषी नको.

प्रश्न : प्लॉटवरचीच झाडं तोडून लगेच ओंडक्यांच्या भिंती रचल्या तर लाकूड फुकट पडेल ना?

उत्तर : लाकूड फुकट पडेल, पण कंबर नाही. हिशोब करा. ३० सेंटिमीटर जाडीचा, ५ मीटर लांबीचा ओला ओंडका झाडाच्या जातीप्रमाणे साधारण अडीचशे ते तीनशे किलो भरतो, जड जातीचं झाड असेल तर आणखी. आठ फूट उंच भिंतीला असे आठ लागतात, चार भिंतींचे बत्तीस, म्हणजे आठ-नऊ टन लाकूड तुम्ही तोडणार, सोलणार, ओढणार, उचलणार, खाचा पाडून बसवणार, आणि खाच चुकली की परत उतरवणार. दोरखंड, कप्पी आणि विंच याशिवाय हे काम दोघांनीसुद्धा सुरू करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ‘लगेच’बद्दल. ताज्या तोडलेल्या झाडात भरपूर पाणी असतं. ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत लाकूड फारसं आकसत नाही, त्याच्या खाली गेलं की आकसायला लागतं आणि ते सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही, हीच तर खरी डोकेदुखी. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, पण गोलाईच्या दिशेने ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं, म्हणून ओंडक्याला उभ्या भेगा पडतात. त्या भेगांना घाबरू नका, भेग वरच्या बाजूला राहून त्यात पाणी साठत नाही एवढंच बघा. खरी गोष्ट आहे भिंतीची उंची. आडवे रचलेले ओले ओंडके वाळत गेले की आठ फुटांची भिंत दहा-पंधरा सेंटिमीटर खाली बसू शकते, आणि खिडकीची उभी चौकट मात्र आहे तेवढीच राहते कारण ती लांबीत आकसत नाही. झालं, वरचा सगळा भार चौकटीवर, काच तडकली, दार अडकलं. म्हणून जाणकार लोक दार-खिडक्यांच्या वर मुद्दाम फट सोडतात, तिच्यात मऊ लोकर किंवा तसलंच काही भरतात आणि वरून फळी मारून झाकतात, आणि मधल्या उभ्या खांबांखाली फिरवून खाली करता येईल असा स्क्रू-जॅक ठेवतात. पहिली काही वर्षं तो स्क्रू थोडा थोडा फिरवत राहायचा.

झाडं शक्यतो थंडीत, रस वाहायचा कमी असताना तोडा, साल लगेच काढा कारण सालीखाली किडे आणि बुरशी दोघंही खूश असतात, आणि जमिनीपासून उचलून, मध्ये पट्ट्या घालून, वरून झाकून पण बाजूंनी वारा खेळेल असे रचून ठेवा. फळ्यांसाठी ढोबळ नियम आहे की एक इंच जाडीला एक वर्ष, अख्खे ओंडके तर त्या हिशोबाने वाळेपर्यंत आपण म्हातारे होऊ, म्हणून ते निदान एक हंगाम तरी वाळू द्यायचे आणि बाकीच्या आकसण्याची सोय बांधकामात करायची. आणि खरं सांगू का, पहिलंच घर असेल तर ओंडक्यांचा हट्ट सोडा. चौकटीचा सांगाडा उभारून त्यावर फळ्या मारलेलं घर लाकूड कितीतरी कमी खातं, एकेक तुकडा दोन माणसांना उचलता येतो आणि भिंतीत ऊब धरणारं इन्सुलेशन पण भरता येतं. फोटो तेवढे छान येत नाहीत, कबूल.

प्रश्न : खांब सरळ जमिनीत खड्डे करून पुरले तर चालेल? की काँक्रीटच करावं? आमच्या जागेपर्यंत गाडी जात नाही, शेवटचा अर्धा तास चालावं लागतं.

उत्तर : नुसते पुरू नका. लाकूड कायम कोरडं राहिलं तर टिकतं, कायम पाण्याखाली बुडून राहिलं तरीही बराच काळ टिकतं, पण जमिनीच्या तोंडाशी जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात तिथे कुजतं. नॉर्वेत हे लोकांना फार पूर्वी कळलंय. तिथली सुरुवातीची लाकडी चर्चं जमिनीत पुरलेल्या खांबांवर उभी होती, ती खालून कुजून गेली. नंतर त्यांनी दगडांच्या रांगेवर आडव्या तुळया ठेवल्या आणि त्या तुळयांवर खांब उभे केले, म्हणजे लाकडाचा मातीशी संबंधच तोडला. त्यातलं बोर्गुंडचं चर्च १२०० सालाच्या आसपासचं आहे आणि अजून उभं आहे. आठशे वर्षं आणि वर लाकूडच. तर हाच धडा, मातीपासून निदान ४५ सेंटिमीटर वर उचला, खाली वाकून टॉर्च मारून बघता येईल एवढी जागा ठेवा, म्हणजे वाळवीची मातीची नळी चढायला लागली की दिसते.

काँक्रीटचं म्हणाल तर अर्धा तास चालत हा शब्द वाचूनच माझे खांदे दुखले. ४० बाय ४० सेंटिमीटरचे, ६० सेंटिमीटर उंच असे १० पाये धरले तर जवळपास एक घनमीटर काँक्रीट होतं, त्याचं वजन २४०० किलोच्या आसपास. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी, सगळं पाठीवरून. सिमेंट तर तिथल्या दमट हवेत पोत्यातच गठ्ठा होतं, चार दिवस उशीर झाला की गेलं. त्यापेक्षा जागेवर चांगला दगड असेल तर दगडाचे पाये करा, किंवा जमिनीत फिरवून बसवायचे लोखंडी स्क्रू-पाइल मिळतात ते न्या. पण काहीही केलं तरी पाया घट्ट, न हललेल्या मातीपर्यंत न्यायचा आणि जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे गोठण्याच्या खोलीच्याही खाली, नाहीतर गोठलेली माती फुगून एकेक पाया वेगवेगळा उचलते आणि घराची सगळी दारं तिरकी होतात. दगडाच्या आणि लाकडाच्या मध्ये ओल वर चढू न देणारा थर घाला, डांबरी फेल्टचा तुकडासुद्धा चालतो. घराच्या वरच्या अंगाला चर खणून डोंगरावरचं पाणी बाजूने काढून द्या. हा चर खणायचं काम सगळ्यात कंटाळवाणं असतं म्हणून लोक शेवटी करतात, ते पहिलं करा.

प्रश्न : समोरची पूर्ण भिंत काचेची करायची इच्छा आहे. कशी करावी?

उत्तर : करू नये. एवढी काच तिथपर्यंत न फुटता जाणार नाही, गेली आणि फुटली तर दुसरी येणार नाही, पक्षी आपटून मरतील, आणि रात्री आत दिवा लावला की तुम्हाला बाहेरचं काहीच दिसणार नाही पण बाहेरच्यांना तुम्ही दिसाल. मध्यम मापाच्या, एकाच साइजच्या खिडक्या करा, एक काच स्पेअर ठेवा. उरलेल्या पैशांत छप्पर भिंतीच्या बाहेर चांगलं दोन-अडीच फूट काढा. वळचण मोठी असली की पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात आणि भिंतीचं आयुष्य वाढतं, लाकडी भिंतीला यापेक्षा चांगला रंग नाही.

प्रश्न : पाण्याचं काय करायचं? झऱ्याचं पाणी तर शुद्धच असतं ना? आम्ही दोघंच राहणार.

उत्तर : शाबास, शेवटी कुणीतरी विचारलं! आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. झरा डोंगरातून जिथे फुटतो तिथे बऱ्यापैकी स्वच्छ असू शकतो, पण वीस पावलं पुढे वाहत आला की त्यात प्राणी पितात, लोळतात आणि बाकीचं सगळंही करतात. पाणी काचेसारखं नितळ दिसतं आणि पोटात जिआर्डिया नावाचा जुलाब लावणारा सूक्ष्मजीव घेऊन जातं. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून घ्या, मग खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू द्या, २००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. रोज उकळायचा कंटाळा असेल तर चांगला फिल्टर बसवा, पण त्याचे सुटे भाग आधीच आणून ठेवा.

आता किती लागेल. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणं धरून माणशी ५० लिटर पकडा, काटकसरीने त्याहून कमीतही भागतं. दोघांचे रोजचे १०० लिटर. समजा चार महिने पाऊस नाही आणि झरा आटतो, तर १२,००० लिटर साठवायला हवेत. भरायचे कुठून? छपरावरून. हा हिशोब फार सोपा आहे, एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. ६० चौरस मीटर छप्पर आणि वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस असेल तर ६०,००० लिटर, त्यातलं उडून, सांडून गेलेलं वजा केलं तरी पंचेचाळीस-पन्नास हजार हाताला लागतात. म्हणजे पाऊस पुरून उरतो, कमी पडते ती टाकी. १२,००० लिटर म्हणजे १२ टन वजन, ते घराच्या फरशीवर किंवा भुसभुशीत उतारावर ठेवायचं नाही, त्याला वेगळा पक्का चौथरा हवा. प्रत्येक पावसाचं पहिलं पाणी बाहेर सोडायची सोय करा, त्यात छपरावरची पानं, धूळ, पक्ष्यांची घाण असते. टाकी झाकलेली आणि अंधारी हवी, आत उजेड शिरला की शेवाळ धरतं, आणि तोंडाला जाळी हवीच, नाहीतर डासांची पैदास.

आणि गेलेलं पाणी? संडासाचा खड्डा विहीर, झरा, ओढा यांपासून निदान ३० मीटर लांब, उताराच्या खालच्या अंगाला, आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या सगळ्यात वरच्या पातळीपेक्षा दीड मीटर तरी उंच. ती पातळी कधी कळते? भर पावसात. म्हणून म्हटलं ना तेव्हा जाऊन या. जमीन खडकाळ असेल किंवा पाणी फार वर असेल तर खड्ड्याचा नाद सोडा, भुसा टाकून कंपोस्ट होणारा कोरडा संडास करा, नीट वापरला तर वास येत नाही, पाहुण्यांना मात्र समजावून सांगावं लागतं.

प्रश्न : एकही झाड न तोडता, अगदी झाडांच्या कुशीत घर बांधायचंय. सल्ला द्या.

उत्तर : भावना पोचली, पण हे घर राहायला धोक्याचं आहे. दोन कारणं. पहिलं आग. वणव्यात बरीचशी घरं ज्वाळा अंगावर येऊन पेटत नाहीत, तर वाऱ्याने उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात, पन्हाळीत साठलेली सुकी पानं, दारातलं पायपुसणं, भिंतीला टेकवलेला सरपणाचा ढीग, एवढं पुरतं. म्हणून घराभोवती पहिला दीड मीटर पूर्ण मोकळा, नुसती खडी किंवा माती. तिथून १० मीटरपर्यंत सुकं गवत-पाचोळा नाही, फांद्या एकमेकांना आणि छपराला टेकत नाहीत, खालच्या फांद्या छाटलेल्या. त्याच्या पुढे ३० मीटरपर्यंत विरळणी. छप्पर पत्र्याचं किंवा कौलांचं, हवेच्या झरोक्यांना ३ मिलिमीटरची धातूची जाळी, प्लास्टिकची वितळते.

दुसरं कारण वारा, आणि हे पुष्कळांना माहीत नसतं. दाट रानात वाढलेली झाडं उंच, सडपातळ होतात आणि एकमेकांच्या आडोशाने उभी असतात. तुम्ही मधली चार काढलीत की कडेची झाडं पहिल्यांदाच वाऱ्यासमोर येतात, आणि त्यांची मुळं त्यासाठी तयार नसतात. एकही तोडलं नाही तरी घराला लागून असलेलं जुनं, पोकळ झाड पडायचं ते पडणारच. म्हणून जागा आधी मोकळी करा, एक वादळी हंगाम जाऊ द्या, काय पडतं ते पडू द्या, मग बांधा. आणि घर कडेच्या झाडांपासून शक्यतो त्यांच्या उंचीएवढं लांब.

प्रश्न : मोकळी जागा केली तर सोलर चालेल का? जनरेटरचा आवाज नको वाटतो.

उत्तर : जागा मोकळी असेल तरच चालेल. पॅनलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी सगळ्या पॅनलची वीज एकदम खाली येऊ शकते, त्यामुळे छपरावरच लावायचा हट्ट नको, जिथे ऊन आहे तिथे खांबावर लावा आणि केबल ओढा. दिवे, फोन, छोटा पंप एवढं आरामात होतं. पाणी तापवणं, स्वयंपाक, हीटर हे सोलरवर टाकू नका. बॅटरी साधी लेड-अॅसिडची असेल तर अर्ध्याच्या खाली उतरू देऊ नका, लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर शून्य डिग्रीच्या खाली चार्ज करू नका, थंड प्रदेशात ती घराच्या आतच ठेवावी लागते. सलग ढगाळ आठवडा गृहीत धरूनच बॅटरी घ्या, आणि छोटा जनरेटर असू द्या हो कोपऱ्यात, रोज थोडाच लावायचाय.

प्रश्न : थंडीसाठी लाकडाची शेगडी आत ठेवणार आहोत. काही काळजी?

उत्तर : बरीच. धुराडं छपरातून जिथे बाहेर पडतं तिथून निदान ९० सेंटिमीटर वर हवं, आणि आजूबाजूच्या ३ मीटरमध्ये छपराचं जे काही असेल त्यापेक्षा ६० सेंटिमीटर उंच, नाहीतर वारा धूर परत आत ढकलतो. लाकूड पक्कं वाळलेलं, ओलावा २० टक्क्यांच्या आत, ओलं जाळलं की धुराड्यात आतून डांबरासारखा थर बसतो आणि एक दिवस तोच पेट घेतो. दर हंगामाआधी आतून ब्रश मारा. धुराडं लाकडी छपरातून जातं तिथे अशाच कामासाठी मिळणारा दुहेरी भिंतीचा पाइप वापरा, साधा पत्र्याचा पाइप नको. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा, त्या वायूला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. रात्री थंडी वाजते म्हणून सगळ्या फटी बुजवून, कपडा कोंबून झोपणारे लोक असतात, त्यांच्यासाठी हे खास.

प्रश्न : सगळं वाचून घाबरायला झालं. सुरुवात नेमकी कुठून करायची आणि किती वेळ लागेल?

उत्तर : घाबरू नका, क्रम नीट लावला की होतं. आधी वाट, म्हणजे सामान जिथपर्यंत न्यायचंय तिथपर्यंतची. मग वरच्या अंगाचा चर, मग पाण्याची सोय, मग एक छोटी खोली, साधारण १० बाय १२ फूट, पक्क्या छपराची. यात अवजारं ठेवा, आणि जमेल तसं यातच राहा, सगळे ऋतू बघा. ऊन कुठून येतं, वारा कुठल्या बाजूचा, चिखल कुठे होतो, कुठले प्राणी रात्री कुठून जातात, हे सगळं कळलं की मोठ्या घराचा नकाशा तुम्ही स्वतःच बदलाल, दार तर नक्कीच दुसऱ्या बाजूला न्याल. मोठं घर सुरू केलं की मात्र पावसाळ्याच्या किंवा बर्फाच्या आधी छप्पर चढलंच पाहिजे, भिंती नंतर भरता येतात. शनिवार-रविवार जाऊन करणार असाल तर वेळेचा अंदाज काढा आणि त्याला दोनाने गुणा, कारण निम्मा वेळ नेण्या-आणण्यात आणि एखादा विसरलेला स्क्रू शोधण्यात जातो. पुष्कळांना तर ती छोटी खोलीच पुरते, मोठं घर राहूनच जातं, आणि त्यात वाईट काहीच नाही.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना जायचंय, मला साप-उंदरांची भीती वाटते. उपाय?

उत्तर : उंदीर आले की साप येतात, म्हणून आधी उंदरांचं बघा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून उंदराचं पिल्लू आत येऊ शकतं, तेव्हा जोत्याच्या भोवती आणि पाइप जिथून आत येतात तिथे स्टीलची बारीक जाळी मारायला सांगा, धान्य पत्र्याच्या डब्यात, आणि सरपणाचा ढीग घरापासून लांब, जमिनीपासून उचलून. ढिगात हात घालायच्या आधी काठीने ठोकायचं, अंधारात टॉर्चशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि जवळचा विषावर औषध देणारा दवाखाना किती तासांवर आहे, रात्री रस्ता चालू असतो का, हे मिस्टरांनी कागद करायच्या आधी स्वतः गाडी चालवून बघून यावं, पावसाळ्यात. ते आल्यावर काय म्हणतात ते कळवा.